डुकराचं रबर

शगुफ्ताभाभींनी गाडीतून उतरताना छत्री मिटली आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

गाडीतून उतरताना माणूस छत्री उघडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पोलादपुरात त्या वेळी पाऊस थांबला होता आणि मुराद करबेलकरांच्या गाडीत तो चालूच होता. समोरच्या काचेभोवतीचं रबर इतकं जुनं झालं होतं, की वरच्या कोपऱ्यातून येणारी धार थेट डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या मांडीवर पडायची. भाभी पावसाळाभर गाडीत छत्री उघडूनच बसत. सवयीने त्यांना त्यात काही वावगं वाटेनासंही झालं होतं. पण त्या दिवशी लेकीच्या, माहरुखच्या, लग्नाची तारीख ठरवायला म्हणून ही मंडळी आली होती, आणि होणारे व्याही सहकुटुंब दारात उभे होते. त्यांच्या शेजारी नवऱ्या मुलाचे, बिलालचे, मामू होते, आणि मामूंच्या मागे त्यांची नवीकोरी पांढरी जीप होती.

मामूंनी मिटलेल्या छत्रीकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"मुरादभाई," ते फार प्रेमाने म्हणाले, "बिलालला मस्कतहून रजा मिळणार ती जुलैच्या शेवटी. म्हणजे ऐन पावसात रुखसती. तुम्ही गाडीची फिकीर करू नका. नवरी आमच्या जीपमधून येईल."

आता ह्यावर "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मुरादभाईंचा तो महिना सुखात गेला असता. पण मुरादभाई पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक होते. चारचौघांत ठामपणे बोललेलं वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी मंजूर झालेला ठराव.

"मामू, आमच्या घरच्या लेकी आमच्या घरच्या गाडीतून जातात," ते म्हणाले. "माझ्या दोन्ही बहिणी ह्याच गाडीतून सासरी गेल्या. माहरुखही जाईल. आणि कोरडी जाईल. ओढणीचं टोकसुद्धा भिजणार नाही."

"बघू हां," विहीणबाई हसून म्हणाल्या. "मी स्वतः हात लावून बघणार."

परत येताना छत्रीखाली आईला बिलगून बसलेली माहरुख म्हणाली, "अब्बा, मला दादांच्याच गाडीतून जायचंय. भिजले तरी चालेल." तिने हे वडिलांना धीर द्यायला म्हटलं होतं, पण मुरादभाईंना ते फार लागलं. आपली पोर सासरच्या उंबऱ्यावर ओलीचिंब उतरतेय आणि मामू हसतायत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

इथे गाडीविषयी थोडं सांगणं भाग आहे. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माहरुखच्या दादांनी, घेतलेली छप्पन सालची फियाट अकराशे. तिचं पुढचं तोंड नाकाडासारखं पुढे आलेलं आहे, आणि त्यावरून ह्या मॉडेलला अख्ख्या महाराष्ट्राने, मेकॅनिकपासून हवालदारापर्यंत, एकच नाव ठेवलं: डुक्कर. करबेलकरांच्या घरात त्या जनावराचं नाव काढायची पद्धत नव्हती. कधी विषय निघालाच, तर वडील "ते जनावर" म्हणत आणि मान दुसरीकडे वळवत. आणि नेमकं तेच दारात, हिरव्या रंगाचं, रोज फडक्याने पुसलेलं. मुरादभाई कटाक्षाने "फियाट अकराशे" म्हणत. ह्या बाबतीत त्यांना साथ देणारा महाडात दुसरा माणूस नव्हता.

"काय मुरादभाय, डुक्कर निघाला काय बाजारात?" गल्लीपलीकडचे जानू मोरे रोज सकाळी ओरडायचे. हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मनात काडीचं वाईट नव्हतं, आवाज मात्र घाटात घडलेला होता.

"फियाट," मुरादभाई म्हणायचे.

"हां, तीच."

शगुफ्ताभाभींना हा प्रश्नच पडत नसे. "अहो, गाडी चालवायची आहे, खायची नाही," त्या म्हणत.

पहिल्याप्रथम मुरादभाईंनी एसटीडी बूथवरून मुंबईच्या एका जुन्या स्पेअरपार्टवाल्याला फोन लावला. मोबाइल तेव्हा फक्त आखातातून सुट्टीवर आलेल्यांच्या खिशात असत. बूथच्या बाकावर मशिदीचे इमामसाहेब नंबर लागायची वाट बघत बसले होते.

"फियाट अकराशे?" तिकडून आवाज आला. "कौनसी? डिलाइट, सिलेक्ट, की डुक्कर?"

मुरादभाईंनी इमामसाहेबांकडे पाहिलं. इमामसाहेब अदबीने हसले.

"तिसरी," मुरादभाई हळूच म्हणाले.

"तिसरी म्हणजे?"

"आत्ता तुम्ही शेवटी बोललात ती."

"जोर से बोलो भाई, सुनाई नहीं देता!"

"डिलाइट!" मुरादभाई ओरडले आणि त्यांनी फोन ठेवला.

डिलाइटचं रबर आलं. उत्तम होतं, चकचकीत होतं, आणि काचेला वीतभर लहान पडत होतं. पुढच्या वेळी बूथवर मुख्याध्यापिकाबाई होत्या, म्हणून सिलेक्टचं आलं. शेवटी माहरुखने फोन ओढून घेतला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "चाचा, डुक्करच्या समोरच्या काचेचं रबर आहे का?" चाचा हळहळून म्हणाला, "डुक्कर का? बेटी, वो तो कब का बंद हो गया. अब पूरे हिंदुस्थान में नहीं मिलेगा." म्हणजे इतकी अब्रू सांभाळून अखेर उपयोग शून्य. अब्रू नसती सांभाळली तर हेच उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं, असं भाभींनी दाखवून दिलं. त्याची काही गरज नव्हती.

मग शेजाऱ्यांनी प्रकरण हातात घेतलं. कोणी म्हणालं मेण भरा, कोणी म्हणालं साबण भरा, एकाने तर उडदाचं पीठ सुचवलं. जानूभाऊंचं मत डांबराला होतं. "एसटीचा टप आम्ही डांबरावर जगवला, मुरादभाय!" एसटीचं नाव निघाल्यावर सरकारी माणसाला नाही म्हणता येईना. डांबर भरलं. पाणी थांबलं खरं, पण मग ऊन पडलं, आणि पाण्याऐवजी डांबर गळू लागलं. भाभींची मोतिया रंगाची ओढणी त्यात गेली, आणि जेवणात मीठ न घालून त्यांनी त्याचा निषेध नोंदवला.

आता एकच मार्ग उरला होता. मिळत नाही, तर बनवायचं. बिरवाडीच्या अलीकडे अक्षय साळवी नावाच्या तरुण इंजिनियरची रबराच्या नळ्या आणि पट्ट्या काढणारी छोटी फॅक्टरी होती. तो म्हणाला, "काका, शेवेचा सोऱ्या असतो ना, तसंच आहे. चकतीला ज्या आकाराचं भोक, त्या आकाराचं रबर. मला जुन्या रबराचा तुकडा आणून द्या, मी तशी चकती कापतो. तुकडा मात्र हवाच. अंदाजाने काढलं तर खाच चुकेल आणि काच बसणार नाही."

मुरादभाईंनी आणि जानूभाऊंनी अख्खी दुपार खपून काच उतरवली आणि जुनं रबर सोडवलं. मुरादभाईंनी ते वेटोळं करून मागच्या पडवीत ठेवलं, आणि सकाळी नेऊ म्हणून निश्चिंत झोपले. सकाळी त्यांना आंघोळीला कधी नव्हे इतकं कढत पाणी मिळालं.

"आज पाणी छान तापलंय, बनुबाई," ते कौतुकाने म्हणाले.

"तापंल नाय तं काय!" घरकामाला येणाऱ्या बनुबाई खूश झाल्या. "लाकडां सगली वली. पेटंच ना. तं पडवीत त्या रबर पडला व्हता ना, कसा भडाभडा पेटला! पुरा घातला, म्हटला लग्नाचं घर हाय, साहेबांना पाणी कमी नको."

मुरादभाई डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत बंबाशेजारी बसून राहिले. पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायला ट्यूबचा तुकडा घालतात, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. त्यामुळे रागवायचं कोणावर, हेही त्यांना कळेना.

ह्या संकटातही जानूभाऊ धावून आले. "माझ्या रूटवर कापड्यात कोंडाजीच्या परसात असलाच एक डुक्कर पडून हाय. त्याच्या मुंबयच्या भावाची टॅक्सी होती. जा नि तुकडा कापून आणा."

मुरादभाई रजा टाकून निघाले. अंगात रेनकोट, हातात चामडी बॅग, खिशाला पेन. कापड्याला एसटीतून उतरले तेव्हा भातलावणी ऐन रंगात होती आणि सगळं गाव चिखलात होतं. बांधावर उभ्या असलेल्या, डोक्यावर इरलं घेतलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "कोंडाजी कुठे राहतात?"

"मीच कोंडाजी. काय काम हाय?"

"तुमच्याकडे एक जुनी फियाट अकराशे आहे म्हणे."

"काय?"

"फियाट. छप्पन मॉडेल."

"नाय बा."

मुरादभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मोठ्याने उच्चारला.

"डुक्कर! मी डुकरासाठी आलोय!"

कोंडाजीचा चेहरा एकदम उजळला. "अरे, साहेब आला रे! डुकराचा साहेब आला!" तो शेतभर ओरडला. लावणी सोडून बायाबापडे धावत आले. रानडुकरांनी दर पावसाळ्यात रोपं उकरायची, गावाने नुकसानभरपाईचा अर्ज द्यायचा आणि कोणी साहेब बघायला यायचा नाही, असं बरीच वर्षं चाललं होतं. आज मात्र बॅगवाला, पेनवाला माणूस स्वतःहून डुक्कर विचारत आला होता. मुरादभाईंना तोंड उघडू न देता त्यांनी उचलल्यासारखं चार खाचरांपलीकडे नेलं. दोनदा ते बांधावरून घसरले. दुसऱ्या वेळी बॅगही घसरली.

"ह्या बघा, साहेब, काय करून ठेवलाय त्यानी! परवाच आलेला."

"अहो, पण मला तो नको," मुरादभाई कळवळून म्हणाले. "मला बंद पडलेला हवाय."

"मेलेला? मेलेला नाय गावत, साहेब."

"मला सगळा नकोच आहे! मला फक्त त्याचं रबर पाहिजे!"

एक म्हातारी दुसरीच्या कानात म्हणाली, "डुकराला रबर असतो गो?"

मग कोंडाजीने कपाळावर हात मारून घेतला. "अगो, हा आपल्या खुराड्याचा बोलतोय!"

गाडी परसात फणसाखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. गावात तिला डुक्कर कोणी म्हणतच नव्हतं. तिचं नाव होतं खुराडा. आपण जन्मात एकदा तो शब्द उच्चारला, आणि तोही चुकीच्या गावात, ह्याचं मुरादभाईंना फार वाईट वाटलं. पण काचेभोवतीचं रबर मात्र फणसाच्या सावलीत बऱ्यापैकी मऊ राहिलं होतं. ते बघून त्यांना इतका आनंद झाला की आतल्या खुडुक कोंबडीने बोटाला चोच मारली तरी त्यांनी हात काढला नाही.

"रबर न्या," कोंडाजी म्हणाला, "पन आधी आमचा पंचनामा करा."

"अहो, मी वनखात्याचा नाही. पंचायत समितीचा आहे, तोही महाडचा."

"लिवता येतंय ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. मुरादभाई कोंडाजीच्या ओटीवर चिखलात बरबटलेल्या पायांनी बसले आणि त्यांनी कागद काढला. 'सदर वन्यप्राण्याने' अशी सुरुवात करताच कोंडाजीने हात धरला. "प्रानी नको, डुक्कर लिवा. मागच्या टायमाला प्रानी लिवला, तं हापिसात बोलले माकड असंल." म्हणून मुरादभाईंनी लिहिलं, 'सदर डुकराने'. मग 'उपरोक्त डुकराने'. मग 'नमूद डुकराच्या कळपाने'. आधी पेन अडखळत होतं. पण ते हाडाचे लिपिक, खाली सह्या होईपर्यंत त्यांच्या त्या लिखाणाला रंग चढला. एवढा खणखणीत पंचनामा आपल्या हातून कधी झाला नव्हता, असं त्यांना मनापासून वाटलं. चार बोटं रबर कापून घेऊन ते उठले, आणि जाता जाता अर्ज स्वतःच वनखात्याच्या कचेरीत द्यायचं कबूल करून बसले.

तिथल्या टेबलावर त्यांना विचारण्यात आलं, "डुक्कर नर की मादी?"

"विचारून घेतो," असं म्हणायचा मोह मुरादभाईंनी आवरला. एरवी ते टेबलापलीकडे बसत आणि असेच प्रश्न ते स्वतः लोकांना विचारत. "कळप होता, साहेब," ते म्हणाले. "दोन्ही असतात." पोच घेऊनच ते हलले.

अक्षयने तो तुकडा काकडीच्या चकतीसारखा कापला आणि कागदावर ठेवून आकार गिरवला. "चकतीवर नाव काय कोरू, काका? उद्या शोधायला बरं."

"फियाट अकराशे, छप्पन, समोरील काच," मुरादभाई म्हणाले.

"एवढं मावत नाही. डुक्कर लिहितो."

पहिली खेप आली ती जाडजूड. खाचेत काच बसेना, पत्र्यावर रबर बसेना. अक्षय शांतपणे म्हणाला, "फुगलं. सोऱ्यातून बाहेर पडलं की रबर फुगतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"किती फुगेल ते फुगल्यावरच कळतं, काका."

"म्हणजे माझ्या चकल्यांसारखंच," भाभी म्हणाल्या, आणि डांबरानंतर पहिल्यांदाच हसल्या.

चकती घासून बारीक केली. दुसरी खेप आली, आणि ती नखाच्या फरकाने नेमकी उतरली. अडचण एवढीच होती की मशीनमध्ये रबर भरलं की संपेपर्यंत काढावं लागे. आठ हात हवं होतं, आलं बैलगाडीभर. जाड आणि बारीक मिळून पडवी भरली. गल्लीतल्या प्रत्येक घराने दाराखालच्या फटीला, खिडकीला, पाळण्याच्या कडीला ते लावलं. बनुबाईंनाही एक वेटोळं दिलं, मात्र बंबापासून लांब ठेवण्याच्या अटीवर.

काच बसवायचा दिवस उजाडला तो लग्नाचा आदला. रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून दाबायची, आणि आतून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते, हे जानूभाऊंनी सांगितलं. सुतळी घातली, तुटली. नायलॉन घातला, रबर कापू लागला. "गुळगुळीत नि रुंद पायजे," जानूभाऊ म्हणाले. "इजारीची नाडी हाय काय?"

लग्नासाठी शिवलेल्या नव्या इजारीची रेशमी नाडी आली, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून खाचेत घातली. सहा जण बाहेरून काच दाबत होते, मुरादभाई आत गुडघ्यांवर बसून नाडी ओढत होते, आणि गल्ली श्वास रोखून बघत होती. कड चढत गेली, कोपरा वळला, आणि शेवटी 'टप्' असा आवाज होऊन काच बसली. जानूभाऊंनी टपावर बादल्यांवर बादल्या ओतल्या. आत एक थेंब आला नाही. मुरादभाईंनी डाव्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. नाडी मात्र साबणाच्या पाण्याने इतकी फुगली की परत इजारीत जाईना, म्हणून लग्नात मुरादभाईंनी इजार सुतळीवर निभावली.

रुखसतीच्या वेळी पाऊस असा कोसळत होता की समोरचं दिसत नव्हतं. मामूंची पांढरी जीप मागे दिमाखात सज्ज होती. तिला कापडी हूड होता. मुरादभाईंनी स्वतः गाडी चालवायला घेतली. शेजारी, त्याच डाव्या सीटवर, माहरुख बसली. मागे बिलाल आणि शगुफ्ताभाभी. कोणाकडेही छत्री नव्हती.

महाड मागे पडलं. वायपर झगडत होता आणि काचेवरून पाणी लोंढ्याने वाहत होतं, पण ते बाहेरून. अर्धा रस्ता गेला, आणि मुरादभाईंच्या हातावर टपकन एक थेंब पडला.

त्यांच्या काळजाचं पाणी झालं. एका हाताने गाडी धरून दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी रबरावरून फिरवली. वर, कोपऱ्यात, खाली. सगळं कोरडं. तेवढ्यात दुसरा थेंब पडला, मग तिसरा. "कुठून येतंय?" ते घाबरून पुटपुटले. "हा कोपरा तर मी दोनदा तपासला होता."

माहरुखने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली कोरडी ओढणी त्यांच्या गालाला लावली.

"अब्बा," ती म्हणाली, "काच नाही गळत. तुम्ही गळताय."

मुरादभाईंना लेक जाणार ह्याचं दुःख होतं आणि काच गळत नाही ह्याचा आनंद होता, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांतून येत होती. पोलादपूर येईपर्यंत त्यांनी ती अडवली नाहीत.

विहीणबाई शब्दाप्रमाणे दारात उभ्या होत्या. त्यांनी माहरुखच्या खांद्यावरून, डोक्यावरून, ओढणीच्या कडेवरून हात फिरवला. टोक मात्र ओलं लागलं. त्या थबकल्या.

"हे पाणी माझ्या खात्यावर लिहा," मुरादभाई नाक ओढत म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि वळून घराला ओरडून सांगितलं, "कोरडी आलीय गो माझी सून! खडखडीत कोरडी!"

तेवढ्यात जीप येऊन थांबली. मामू उतरले. शेरवानी अंगाला चिकटली होती, फेट्याचा रंग दाढीत उतरला होता, आणि बुटांतून पाणी वाजत होतं. ते हळूहळू हिरव्या गाडीपाशी आले आणि त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मुरादभाई," ते म्हणाले, "मॉडेल कुठलं म्हणायचं हे?"

दारात शंभर पाहुणे होते. त्यात महाडहून आधीच बसने आलेले इमामसाहेब होते, मुख्याध्यापिकाबाई होत्या, आणि आहेराला कोंबडी घेऊन आलेला कोंडाजीही होता. मुरादभाईंनी सुतळी जरा वर ओढली, छाती पुढे काढली, आणि घराण्याचं नाव सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"डुक्कर! आणि रबर भरपूर उरलंय, मामू. किती हात देऊ?"